नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत (भारत)

घर, शेत, वाहन किंवा अन्य मालमत्तेचे दुसऱ्याच्या कृत्यामुळे नुकसान झाल्यास भरपाईचा दावा किती काळात दाखल केला पाहिजे, याची कायद्याने घातलेली मर्यादा म्हणजे दाव्याची मुदत होय. भारतात हा विषय मुख्यतः मुदत अधिनियम, १९६३ या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येतो. १९०८ च्या कायद्याची जागा घेणारा हा अधिनियम १ जानेवारी १९६४ पासून अमलात आहे. व्यवहारात त्याला ‘मुदतीचा कायदा’ किंवा ‘लिमिटेशन ॲक्ट’ म्हणतात.

काळ जातो तसे साक्षीदार पांगतात, कागदपत्रे गहाळ होतात आणि खरेखोटे करणे अवघड होते. मुदतीच्या बंधनामागे हा मुख्य विचार आहे. कलम ३ नुसार मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, मग प्रतिवादीने तसा आक्षेप घेतलेला असो वा नसो. दावा कितीही न्याय्य असला तरी या टप्प्यावर त्याचा उपयोग होत नाही.

मुदत आणि तिचा आरंभ

स्थावर मालमत्तेत बेकायदा शिरून केलेल्या नुकसानीची भरपाई (अनुच्छेद ८७), जंगम वस्तूचे नुकसान (अनुच्छेद ९१) आणि माल वाहून नेणाऱ्याने माल हरवणे किंवा बिघडवणे (अनुच्छेद १०) या सर्वांसाठी मुदत तीन वर्षांची आहे. ती सामान्यतः कृत्य किंवा नुकसान घडल्यापासून मोजतात. मात्र पहिला दिवस धरत नाहीत. १० जून २०२२ रोजी कुंपण पाडले असेल, तर १० जून २०२५ हा दाव्याचा शेवटचा दिवस ठरतो. शेवटचा दिवस न्यायालयाच्या सुट्टीत आल्यास न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो.

एकदा सुरू झालेली मुदत थांबत नाही, असे कलम ९ सांगते. सामान्य माणूस बहुधा येथेच फसतो. वकिलाची नोटीस, पोलिसांतील तक्रार, पंचांसमोरची बैठक किंवा ‘बघू, देऊन टाकू’ असे तोंडी आश्वासन, यांपैकी कशानेही मुदत वाढत नाही. प्रतिवादीने मुदत संपण्यापूर्वी आपले दायित्व लेखी स्वरूपात व सहीनिशी मान्य केले, तरच कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून नवी मुदत मिळते. विलंब माफ करण्याची कलम ५ मधील तरतूद अपील आणि अर्जांसाठी आहे, मूळ दाव्यासाठी नाही. हा भेद अनेकदा लक्षात घेतला जात नाही. नुकसान झाले तेव्हा हक्कदार अज्ञान किंवा मनोरुग्ण असल्यास, किंवा प्रतिवादीने कपटाने माहिती दडवली असल्यास, कायदा वेगळी सवलत देतो.

चालू राहणारा अपकार

शेजाऱ्याच्या फुटक्या गटाराचे पाणी रोज भिंतीत मुरत असेल, तर अपकार दररोज नव्याने घडतो आणि कलम २२ नुसार मुदतही क्षणोक्षणी नव्याने सुरू होते. याउलट भिंत एकदाच पाडली आणि ती वर्षानुवर्षे पडलेली राहिली, तर कृत्य त्याच दिवशी पूर्ण झालेले असते. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने आळंदीच्या श्री ज्ञानेश्वर महाराज संस्थानाच्या प्रकरणात १९५९ मध्ये स्पष्ट केला. तो वाद गुरव पुजाऱ्यांच्या वंशपरंपरागत हक्काचा होता. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी त्यात असे ठरवले की, इजा पूर्ण झाली असेल तर केवळ तिचे परिणाम टिकून राहिल्याने अपकार ‘चालू’ ठरत नाही.

काही कृत्यांत नुकसान उशिरा प्रकट होते. जमिनीखालील खोदकामाने वरचा भाग काही वर्षांनी खचला, तर कलम २३ प्रमाणे मुदत खचल्यापासून मोजतात.

शासन व अन्य मंच

शासनाविरुद्ध दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तो काळ मुदतीतून वगळला जातो. कायद्याच्या अंमलबजावणीत केलेल्या कृत्याबद्दलच्या भरपाईची मुदत मात्र एकच वर्ष आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ खाली तर अशा कृत्याबद्दल एक महिन्याची नोटीस देऊन सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. तीन वर्षांच्या भरवशावर राहिलेल्या नागरिकाला हे फार उशिरा कळते.

ग्राहक आयोगाकडील तक्रारीस दोन वर्षे मिळतात आणि पुरेसे कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडील अर्जासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मर्यादा आणली; ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. रस्त्याने पाठवलेल्या मालाबाबत वाहतूकदाराला माल सोपवल्यापासून १८० दिवसांत नोटीस देणे आवश्यक आहे. विमा दाव्यात मुदत नुकसानीच्या घटनेपासून, किंवा कंपनीने दावा नाकारल्यास नाकारल्याच्या दिवसापासून, तीन वर्षे असते.

कोविड साथीमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुदतीच्या मोजणीतून वगळण्यात आला. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतील मुदतीच्या तरतुदी ‘स्थानिक कायदा’ म्हणून टिकून आहेत, असे याच न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटले होते. २००१ मध्ये ते मत बदलले आणि तेथेही १९६३ चा अधिनियम लागू असल्याचे ठरले.