भेट द्यायची, की घरी ठेवायची?

जरीपटका हे एके काळी मराठी फौजेचे निशाण होते. नागपुरात मात्र हा शब्द उच्चारला की उत्तर नागपुरातली ती गजबजलेली वस्ती डोळ्यांपुढे येते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी इथे नव्याने संसार मांडले, दुकाने थाटली आणि गिऱ्हाइकाची नाडी ओळखण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिथल्याच एका दुकानदाराने, "जरा परवडणारी सिंगल माल्ट स्कॉच दाखवा," असे चाचरत म्हणणाऱ्या एका पगारदार गृहस्थांना विचारले, "साहेब, भेट द्यायची, की घरी ठेवायची?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. भेट द्यायची असेल तर खोका पाहावा, नाव पाहावे, बारा वर्षांचा आकडा ठसठशीत छापला आहे ना हे पाहावे, आणि मोकळे व्हावे. घरी ठेवायची असेल तर मात्र आत काय आहे ते पाहायला हवे. आमच्या मध्यमवर्गाची पंचाईत अशी, की आम्ही घरासाठीही भेटीच्याच बाटल्या घेतो! "आम्ही हल्ली माल्टच घेतो," हे वाक्य काही बैठकांतून पूर्वीच्या सोवळ्याच्या थाटात ऐकू येऊ लागले आहे.

माल्ट म्हणजे काय, हे खरे तर आपल्या गृहिणींना सांगायला नको. लहान मुलासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून तिचे सत्त्व ज्यांनी केले आहे त्यांनी माल्टच केले आहे. स्कॉटलंडात हेच सातूचे करतात. मोड आल्यावर दाण्यातल्या पिष्टाची साखर व्हायला सुरुवात होते. तिचा गोड काढा आंबवतात आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून त्याचा अर्क उतरवतात. निव्वळ मोड आणलेले सातू, एकच कारखाना, ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे मुक्काम आणि बाटलीत निदान चाळीस टक्के मद्यार्क, एवढ्या अटी पुऱ्या झाल्या की ती सिंगल माल्ट स्कॉच. यातला 'सिंगल' हा शब्द कारखान्याला लागतो, पिंपाला नव्हे. एका बाटलीत शेकडो पिंपांचा माल एकत्र असू शकतो. ब्लेंडेड स्कॉचमध्ये या माल्टच्या जोडीला इतर धान्यांची हलकी व्हिस्की मिसळतात. ती हलक्या कुळातली असते असे मुळीच नाही. उत्तम ब्लेंड सुमार माल्टला सहज मागे टाकते. ग्लेनफिडिकवाल्यांनी 1963 साली आपली माल्ट स्कॉटलंडबाहेर नेटाने विकायला काढली, त्यापूर्वी बाहेरच्या जगात स्कॉच म्हणजे बहुतांशी ब्लेंडच समजत.

आता लेबल वाचू. मोठी अक्षरे सोडून द्यावीत, बारीक वाचावीत. सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडातच बाटलीबंद झालेली असली पाहिजे, असा तिकडचा कायदा आहे. पिंपांतून आणून इकडे भरलेली स्कॉच असते, पण ती या नावाने विकता येत नाही. वयाचा आकडा असेल तर तो मिश्रणातल्या सर्वांत तरुण थेंबाचा. आकडा नसेल तर वय तीन वर्षांच्या पुढे काहीही. त्यात लबाडी नाही, पण किंमत त्या मानाने असावी. आणि रंगाला भुलू नये. जाळलेल्या साखरेचा रंग घालायला स्कॉचच्या नियमांत मुभा आहे. जर्मनीत तो घातल्याचे लेबलावर सांगावे लागते, आपल्याकडच्या बाटलीवर ते सापडेलच असे नाही. तेव्हा गडद म्हणजे जुनी, ही समजूत सोडून द्यावी.

पैशाचेही बोलू. या बाटलीच्या किमतीत सातवाचा वाटा थोडा आणि सरकारचा मोठा. आयात स्कॉचवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क होते. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ते आधी पंचाहत्तरवर आणि दहाव्या वर्षापर्यंत चाळीस टक्क्यांवर आणायचे ठरले. महाराष्ट्राने त्यापूर्वीच, 2021 च्या नोव्हेंबरात, आयात स्कॉचवरचे आपले उत्पादनशुल्क तीनशेवरून दीडशे टक्के केले होते. म्हणजे एडिंबरोत जी अगदी पहिल्या पायरीची बाटली, ती इथे येईतो वरच्या मजल्यावर चढलेली असते. तिच्याकडून किमतीच्या मानाने अपेक्षा केली तर तिच्यावर अन्याय होतो, आणि तिला वरच्या मजल्याची समजून डोक्यावर घेतले तर आपल्या खिशावर.

मग पारख करायची कशी? पहिली गोष्ट, पोट आणि नाक स्वच्छ हवे. सावजीच्या रश्श्यानंतर किंवा तर्री-पोह्यांनंतर व्हिस्की हुंगणे म्हणजे बँडच्या वरातीत सतार ऐकणे. तोंडाशी निमुळता पेला घ्यावा, त्यात अगदी थोडी ओतावी, नाक न खुपसता दुरूनच वास घ्यावा. नागपूरच्या मे महिन्यात तर मद्यार्कच आधी नाकात घुसतो. अशा वेळी बाटली तासभर थंड जागी ठेवणे शहाणपणाचे. बर्फ मात्र पारख संपल्यावर. थंडीने दोष लपतात, आणि गुणही. उलट चमचाभर साधे पाणी घातले की वास मोकळा होतो.

पहिल्या पायरीच्या माल्टमध्ये मध, व्हॅनिला, पिकलेले सफरचंद असे काहीसे जाणवावे. अमेरिकन बर्बनला कायद्याने नवेच जाळलेले ओक लागते, म्हणून तिकडची एकदा वापरलेली पिंपे स्कॉटलंडला मुबलक मिळतात. ही गोडी बरीचशी त्यांची देणगी. शेरीच्या पिंपातली असेल तर मनुकांचा वास येतो, पीटच्या धुरावर सातू वाळवले असतील तर चुलीची आठवण होते. नखांच्या पॉलिशचा भडक दर्प किंवा ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला, तर नाव कितीही मोठे असो, ती बाटली पुन्हा घेऊ नये. घोट गिळल्यावर चव चटकन संपली तर फारसा राग मानू नये. स्वस्त माल्टची ही ठरलेली उणीव आहे, आणि महाग बाटलीतले जास्तीचे पैसे पुष्कळदा त्या रेंगाळण्याचेच असतात.

सर्वांत खरी परीक्षा तीन पेल्यांची. दोन पेल्यांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. कोणता पेला वेगळा ते डोळे मिटून सांगायचे. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा बरोबर येतेच, म्हणून खेळ एकदाच खेळून भागत नाही, आणि दर खेपेला घोटभरच घ्यायची. आमच्या परिचयातल्या बँकेतल्या एका गृहस्थांनी आपल्या लाडक्या बारा वर्षांच्या माल्टसमोर वयाचा आकडा नसलेली, बरीच स्वस्त बाटली ठेवून दोन संध्याकाळी हा प्रयोग केला. पेले वहिनींनी भरले. सहा वेळांपैकी उत्तर दोनदा बरोबर आले! वहिनी आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, म्हणजे वरचे पैसे आम्ही खोक्याचे दिले ना?" गृहस्थांनी त्या महिन्यापासून स्वस्त बाटली घेतली. बारा वर्षांची आता फक्त साहेबांच्या घरी भेट म्हणून जाते.

याच खेळात एक पेला आपल्या इकडचाही ठेवून पाहावा. महाराष्ट्रात उसाच्या मळीचा अर्क अमाप, आणि इथल्या पुष्कळशा व्हिस्क्यांना त्याचाच आधार असतो. युरोपात अशा पेयाला व्हिस्की म्हणता येत नाही. पण निव्वळ सातवाची भारतीय माल्टही आता मिळते. बंगलोरच्या अमृतने आपली माल्ट 2004 साली थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली, तेव्हा लोक हसले असतील. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन 2012 मध्ये लंडनला गेली. तिची निर्वाणा नावाची पहिल्या पायरीची बाटली आहे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला दोनेक टक्के माल उडून जातो, गोव्याच्या उष्ण हवेत आठच्या आसपास. लाकूडही तितक्याच घाईने आपला गुण सोडते, त्यामुळे इथली तरुण व्हिस्की वयाच्या मानाने प्रौढ लागते. कधी जरा आगाऊही. पण आयातशुल्क नसल्याने पैसे सातवाला आणि पिंपाला अधिक पोचतात, आणि त्याच किमतीच्या स्कॉचशेजारी ती ठेवली तर आमचे मत बहुधा तिच्याकडे झुकते.

घेताना वय पंचवीस पुरे असावे आणि परवाना असावा. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून जिवंत आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर संपूर्ण दारूबंदी, तेव्हा सेवाग्रामच्या बाजूने जाणार असाल तर बाटली घरीच राहू द्या. ती उभी ठेवावी, आडवी नको. तीव्र मद्यार्काने बूच कुजते. उन्हापासून दूर ठेवावी, आणि अर्धी झाली की वर्षभर जपून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण हवेने तिचा वास उतरत जातो. रिकामी झाल्यावर तिच्यात मनीप्लांट लावा, फ्रिजमध्ये पाणी भरून ठेवा, काही करा. पण खोक्यासह, बुचासह सबंध बाटली रद्दीवाल्याला देऊ नका. अशा बाटल्यांना चांगला भाव येतो, आणि त्या पुन्हा भरल्या जातात.