परदेशी कायम वास्तव्य : प्रांताच्या शिफारशीचा मार्ग

पोटापाण्यासाठी गाव सोडणे ही आपल्या भागास नवी गोष्ट नाही. मुडबी व आसपासच्या खेड्यांतून माणसे हैदराबादेस गेली, पुण्या-मुंबईस गेली, पुढे आखाती देशांतही गेली. गेलेला माणूस कधीतरी परतणार, हे या सर्व जाण्यात गृहीत धरलेले असे. आखातात वीस वर्षे राबलेल्या माणसाचाही मुक्काम बहुधा नोकरीच्या करारापुरताच असतो; करार संपला की परतीचे तिकीट. अलीकडे मात्र आपल्या ट्रस्टच्या साहाय्याने शिकलेली मुले-मुली, कोणी परिचारिका, कोणी अभियंता, कोणी आय.टी.आय. झालेला इलेक्ट्रिशियन, निराळाच प्रश्न विचारू लागली आहेत : "सर, कॅनडाची पी.आर. कशी मिळते? प्रांताचे नॉमिनेशन म्हणजे काय?" त्याचे उत्तर घरच्या वडील मंडळींसही उमजेल असे द्यावे, हा या लेखाचा हेतू आहे. अर्ज मुलगा करतो, पण पैसा आणि जमीन घरची असते.

प्रथम पी.आर. म्हणजे काय ते पाहू. हा कायम निवासाचा परवाना होय. तो मिळालेला मनुष्य त्या देशात राहू शकतो, नोकरी बदलू शकतो, मुलांना तेथील शाळेत घालू शकतो. तो त्या देशाचा नागरिक मात्र होत नाही. पासपोर्ट भारताचाच राहतो व मतदानाचा हक्क मिळत नाही. कॅनडात हा परवाना टिकविण्यासाठी दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस तेथे राहावे लागते. पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भारतास दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्यामुळे, ते नागरिकत्व घेतल्यास आपला पासपोर्ट परत करावा लागतो. हे घरच्यांनी आधीच जाणून घेतलेले बरे.

आता प्रांतांची गोष्ट. कॅनडाने १९६७ साली वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांस गुण देऊन माणसे निवडण्याची पद्धत सुरू केली. या पद्धतीने माणसे आली खरी, पण बहुतेक टोरांटो, व्हँकुव्हर व माँट्रिअल या मोठ्या शहरांत जाऊन बसली. मॅनिटोबा, सस्कॅचेवान, न्यू ब्रन्सविक अशा प्रांतांना परिचारिका, सुतार, वेल्डर, ट्रकचालक यांची नड असूनही तिकडे कोणी फिरकेना.

आपणांस हे समजण्यास अवघड जाऊ नये. बीदर, कलबुर्गी, यादगीर या जिल्ह्यांतला शिकलेला तरुण बंगळूर-हैदराबादेस निघून जातो, आणि आपल्या दवाखान्यांतील व शाळांतील जागा रिकाम्या राहतात. म्हणूनच ९८ व्या घटनादुरुस्तीने (२०१२) कलम ३७१ (जे) आले आणि कल्याण कर्नाटकातील लोकांसाठी शिक्षणात व नोकऱ्यांत राखीव जागांची तरतूद झाली. मागे पडलेल्या भागासाठी वेगळी वाट काढावी लागते, हेच तत्त्व कॅनडाने दुसऱ्या तऱ्हेने अंगीकारले. "आम्हांस अमुक माणसे हवीत" असे प्रांताने म्हणावे व केंद्र सरकारने आरोग्य, चारित्र्य इत्यादी तपासून परवाना द्यावा, अशी ही योजना आहे. मॅनिटोबाने १९९८ मध्ये तिचा आरंभ केला. आज क्वेबेक व नुनावुत वगळता सर्व प्रांत व प्रदेश तिच्यात आहेत. क्वेबेकची निवडपद्धती स्वतंत्र आहे.

तिची रीत अशी. प्रत्येक प्रांत आपल्या गरजेच्या धंद्यांची यादी ठरवितो. उमेदवाराने प्रांताकडे इच्छा नोंदवायची. शिक्षण, अनुभव, इंग्रजी, तसेच तेथे कोणी नातेवाईक किंवा नोकरी देणारा आहे काय, हे पाहून प्रांत काहींस बोलावतो व शिफारसपत्र देतो. २०१५ पासून केंद्राची 'एक्स्प्रेस एन्ट्री' ही पद्धत चालू आहे. तीत एकूण १,२०० गुणांपैकी ६०० गुण एकट्या प्रांताच्या शिफारशीस मिळतात. ज्याचे स्वतःचे गुण ३८० आहेत तो एरवी मागे राहील. शिफारस मिळताच त्याचे ९८० होतात आणि त्याची पाळी निश्चितपणे जवळ येते. या शिफारशीचे मोल एवढे का, ते यावरून ध्यानी येईल.

परंतु ही दारे सदैव सारखी उघडी नसतात. या मार्गाने घ्यावयाच्या माणसांचा आकडा कॅनडाने २०२४ साठी १,१०,००० ठेवला होता. २०२५ साठी तो निम्म्यावर, म्हणजे ५५,००० वर आणला, आणि २०२६ साठी पुन्हा ९१,५०० केला. गेल्या वर्षी शेजारच्या गावच्या मुलास मिळाले म्हणून यंदा आपल्यासही मिळेल, हा हिशेब म्हणूनच धोक्याचा आहे.

ऑस्ट्रेलियातही याच धर्तीची सोय आहे. तेथे किमान ६५ गुण व ४५ वर्षांखालील वय लागते. राज्याने १९० क्रमांकाच्या व्हिसासाठी शिफारस केल्यास ५ गुण वाढतात व कायम निवास लगेच मिळतो. ४९१ क्रमांकाच्या व्हिसास १५ गुण मिळतात. मात्र तो पाच वर्षांचा तात्पुरता असतो. सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन सोडून अन्य भागात राहावे लागते, आणि तीन वर्षांनंतर अटी पुऱ्या झाल्यास कायम निवास मागता येतो.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण महाराष्ट्राचे आहे. मुंबई व जर्मनीतील स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा १०,००० कुशल तरुणांस जर्मन भाषा शिकवून पाठवावे, असे आरंभीचे उद्दिष्ट ठरले. हे कॅनडासारखे नामनिर्देशन नव्हे. जर्मनीत परवाना केंद्राच्या कायद्यानेच मिळतो. परंतु एका राज्याची नड दुसऱ्या राज्याने जाणावी, हा धागा तोच. आणि तेथेही पहिली पायरी भाषेची आहे.

आता शिक्षक या नात्याने कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्याकडील अर्ज बहुधा येथेच अडतात. शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहंमद', पासपोर्टवर नुसते 'एम.डी.', एकीकडे 'शेख' नावाच्या आधी, दुसरीकडे नंतर, आणि आडनावाचा रकाना कोराच. येथे आपण समजून घेतो, परदेशातील कारकुनास ही तीन निरनिराळी माणसे वाटतात. दुसरी गोष्ट जन्मतारखेची. पूर्वी मूल शाळेत घालताना तारीख ठाऊक नसली की १ जून लिहिण्याचा रिवाज होता. जन्माच्या दाखल्यावर दुसरी तारीख असल्यास घोटाळा होतो. ही दुरुस्ती दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी सोपी असते, मागाहून कठीण. निकाहनामा उर्दूत असल्यास त्याचे अधिकृत भाषांतर व विवाहनोंदणीचा दाखला करून ठेवावा. अनुभवाच्या दाखल्यावर पद, काम, तारखा व पगार स्पष्ट हवेत. "चांगला मुलगा आहे" एवढ्याने भागत नाही.

अर्जात पत्नी व सर्व मुले नमूद केलीच पाहिजेत, मग ती बरोबर जाणार असोत वा नसोत. कॅनडाच्या नियमाप्रमाणे ज्यास लपविले त्यास पुढे बोलावून घेणे फार दुरापास्त होते. खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास पाच वर्षे त्या देशाचे दार बंद होते.

येथेच एजंटांचा प्रश्न येतो. "चार लाख द्या, प्रांताचे पत्र आणून देतो" असे सांगणारे आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. शिफारस विकत मिळत नाही. सरकारी फी प्रांताच्या संकेतस्थळावर छापलेली असते व अर्ज स्वतःही करता येतो. सल्लागार हवाच असेल तर तो कॅनडातील वकील असावा, अथवा तेथील सल्लागारांच्या अधिकृत महाविद्यालयाच्या यादीत त्याचे नाव असावे. परदेशी नोकरी मिळवून देणाऱ्यास आपल्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. त्याने ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक मोबदला घेता कामा नये. 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी पाहता येते. २०२३ साली पंजाबातील अनेक विद्यार्थ्यांची कॅनडातील महाविद्यालयांची प्रवेशपत्रे बनावट निघाली. पत्रे दिली एजंटाने, देश सोडण्याचे संकट आले विद्यार्थ्यांवर. पुढे प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी झाली, पण मधल्या काळात त्या आईबापांनी काय सोसले असेल!

शेवटचा मुद्दा वचनाचा. प्रांत शिफारस करतो ती "मी येथे राहीन" या उमेदवाराच्या शब्दावर. परवाना हाती आल्यावर कॅनडाची राज्यघटना कोणत्याही प्रांतात जाण्याची मुभा देते, हे खरे. परंतु राहण्याचा इरादाच नसता पत्र घेणे ही फसवणूक ठरते, आणि तिचा उपद्रव मागून येणाऱ्या आपल्याच मुलांना होतो. तेव्हा अर्जापूर्वी त्या प्रांताची माहिती काढावी. मॅनिटोबात हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो. परिचारिकेस तेथील परवाना मिळेपर्यंत दुसरे काम करावे लागते. हे सोसण्याची तयारी असेल तरच पाऊल टाकावे.

बंधुभगिनींनो, जमीन विकण्यापूर्वी मुलाच्या इंग्रजीवर, हातच्या कसबावर व कागदपत्रांवर खर्च करा. परदेश लाभला नाही तरी हे तिन्ही येथे उपयोगी पडतात; एजंटाच्या हाती गेलेला पैसा कोठेच उपयोगी पडत नाही. ट्रस्टने आजवर मुलांच्या फीचा भार उचलला. या महोत्सवी वर्षापासून नववीच्या वर्गातच नावे व जन्मतारखा तपासून देण्याचे कामही कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो.