विनोदी दारुड्या घरी केव्हा जातो?

आमचा राहुरीचा परिसर उसाचा. उसामागून साखर, साखरेमागून मळी आणि मळीपासून मद्यार्क. तेव्हा दारू हा आमच्याकडे ऐकीव विषय नव्हे. तरीही पडद्यावरचा झिंगलेला गडी दिव्याच्या खांबाला रामराम घालू लागला, की आमच्या घरची सारी मंडळी खदखदून हसतात. मीही हसतो. मराठी शिकवणाऱ्याला मात्र हसून झाल्यावर कारण शोधण्याची खोड असते.

आपल्याकडे या दारुड्याची वंशावळ तळीरामापासून धरावी. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' 1919 साली, त्यांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. आर्यमदिरामंडळातला तळीरामाचा युक्तिवाद ऐकून प्रेक्षक लोटपोट होतात. पण त्याच रंगमंचावर जात्यावर बसलेली सिंधूही दिसते. खुद्द तळीरामालाही गडकऱ्यांनी बायको दिली आहे. तिचे नाव गीता, आणि ती मुकाट्याने सोसणारी नाही.

हा भाग शिकवताना मी वर्गाला विचारतो, "चित्रपटातल्या एखाद्या विनोदी दारुड्याच्या बायकोचे नाव सांगा पाहू." मुले एकमेकांकडे बघतात. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पिक्चरमध्ये तो घरी जातच नाही!"

खरेच, तो गुत्त्यातून निघतो, गटाराच्या काठाशी तोल सावरतो, हवालदाराला सासरा समजतो आणि दृश्य संपते. पुढचे दार ठोठावणे, रिकामे झालेले पगाराचे पाकीट, जागी झालेली पोरे, यांतले काही कॅमेऱ्याला दिसत नाही. भांगेचे तर त्याहून सोपे; लोटा रिकामा झाला की गाणे सुरू! हल्ली अशा दृश्यांखाली धोक्याची बारीक पाटी येते खरी, पण हसणारे डोळे ती कशाला वाचतील?

म्हणून दारूवर विनोद करूच नये की काय? छे! 1939 सालचा 'ब्रँडीची बाटली' घ्या. लेखन अत्र्यांचे, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे, नायक दामुअण्णा मालवणकर. मुंबईत त्याच वर्षी दारूबंदी आली होती. म्युनिसिपालिटीतला हा भोळा कारकून प्रेयसीच्या आजारी भावासाठी ब्रँडी शोधायला निघतो, आणि ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसते! इथे हसू येते ते शुद्धीवरच्या माणसाचे. दारूवरचा याहून शहाणा विनोद आपल्या चित्रपटात मला तरी आठवत नाही. तसेच जॉनी वॉकर. मूळचे बद्रुद्दीन काझी, मुंबईचे बस-कंडक्टर. 'बाजी' (1951) पासून नाव झाले, तेही व्हिस्कीचे. स्वतः मात्र दारूला शिवत नसत. ती झिंग सारी निरीक्षणाची होती.

पडद्याबाहेरची गोष्ट निराळी. 2017 च्या फेब्रुवारीत, निवडणुकीच्या धामधुमीत, आमच्याच जिल्ह्यात पांगरमलला विषारी दारूने माणसे मेली. त्यांच्या मागे राहिलेल्या घरांत कोणी खांबाला रामराम घालणारा आठवून हसले नसेल.

महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांना मतदान मागता येते, हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. आता कल्पना करा, गीता पदर खोचून रांगेत उभी आहे, आणि केंद्राबाहेर तळीराम येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना उभ्या बाटलीचे शास्त्रोक्त माहात्म्य पटवून देतो आहे. अत्रे असते तर या एका मतपत्रिकेवर त्यांनी अख्खा चित्रपट लिहिला असता.