ओढ्यातले छोटे मासे: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सह्याद्रीतल्या ओढ्यात, पऱ्ह्यात किंवा नदीच्या उथळ धारेत झोळी लावली की बोटाएवढे मासे सहज हाती लागतात. खवली, दांडवण, अळकूट, मळ्या, मुरी ही त्यांची नेहमीची नावे. रोहू आणि कटला ज्या सिप्रिनिफॉर्मिस गणात मोडतात, त्याच गणातली ही मंडळी. रोज दिसत असूनही त्यांची ओळख पटवताना हमखास चुका होतात.

सर्वांत रुजलेला समज म्हणजे हे मोठ्या माशांचे पिल्लू आहे. प्रत्यक्षात यातले बहुतेक मासे पूर्ण वाढलेले असतात. दोन ठिपक्यांची खवली, म्हणजे पेथिया टिक्टो, साधारणपणे ५ ते ७ सेंटिमीटरवर थांबते. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध निघणाऱ्या चढणीच्या माशांत अशा बोटभर लांबीच्या माद्यांच्या पोटातही गाबोळी भरलेली असते, यापेक्षा वेगळा पुरावा नको. याचा अर्थ ओढ्यात पिल्ले नसतातच असा नाही. महासीरचे पिल्लूही याच पाण्यात सापडते. त्याला मिशांच्या दोन जोड्या आणि अंगाच्या मानाने मोठे खवले असतात. त्यामुळे लांबी मोजून मासा ओळखता येत नाही.

रंगावरून ओळखणे त्याहून फसवे. विणीच्या दिवसांत नर खवली तांबूस किंवा गडद होते, एरवी तीच चंदेरी असते. पकडून बादलीत ठेवलेला मासा घाबरून काही मिनिटांत फिका पडतो. मेल्यावर आणि विशेषतः अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर लाल-पिवळा रंग निघून जातो. काळे ठिपके आणि पट्टे मात्र टिकतात. म्हणून जुन्या नमुन्यांची वर्णने ठिपक्यांवर भर देतात, रंगावर नाही.

ठिपके मात्र मोजून आणि जागा पाहून वाचावे लागतात. टिक्टोला एक ठिपका कल्ल्याच्या मागे आणि दुसरा शेपटीच्या देठावर असतो. पेथिया कॉन्कोनियसला शेपटीकडचा एकच ठिपका असतो. ‘दोन ठिपके दिसले म्हणजे टिक्टो’ हा नियम बरीच वर्षे चालला आणि त्यातून गोंधळही वाढला. अशा वेळी भिंग घेऊन माशाच्या कुशीवरची पार्श्वरेषा पाहावी. कल्ल्याच्या झाकणामागून शेपटीकडे जाणारी ही बारीक छिद्रांची ओळ असते, एका खवल्यावर एक छिद्र. टिक्टोमध्ये ही ओळ सुरुवातीच्या मोजक्या खवल्यांवरच संपते. पुढच्या खवल्यांना छिद्र नसते. पवना आणि नीरा या भीमेच्या उपनद्यांतून २०१६ मध्ये वर्णन झालेल्या पेथिया संजयमोलुरीमध्येही ती अपुरीच असते; कुशीवरच्या ओळीतल्या २३ ते २५ खवल्यांपैकी सुरुवातीच्या काहींनाच छिद्र असते, म्हणून खवले, छिद्रे आणि ठिपक्यांची नेमकी जागा असे सारेच तपासावे लागते. पुण्याजवळच्या पाण्यातली, वरवर पाहता तीच ठिपकेवाली खवली, पण जात वेगळी! पाठीच्या पराचा पहिला जाड काटाही तपासावा. पेथियात त्याची मागची कड करवतीसारखी दातेरी असते, तर पुंटियस सोफोरेमध्ये गुळगुळीत.

इथे नावांचाही घोळ आहे. जुन्या पुस्तकांत हे सारे मासे ‘पुंटियस’ या एकाच प्रजातीत होते. २०१२ मध्ये त्यांतून पेथिया, डॉकिन्सिया अशा प्रजाती वेगळ्या काढल्या गेल्या. नाव बदलले म्हणून मासा बदलला असे नाही. जुना पुंटियस टिक्टो आणि आजचा पेथिया टिक्टो एकच.

काळ्या पट्ट्याचे मासे सरसकट दांडवण ठरवले जातात. खऱ्या दांडवणाच्या, म्हणजे रास्बोराच्या, अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत एकच ठळक पट्टा असतो आणि त्याला मिशा नसतात. डेव्हारियो अंगाने जास्त रुंद. त्याच्या कुशीवर निळे-पिवळे अनेक पट्टे आणि तोंडाशी इवल्याशा मिशा असतात. तरीही शंका राहिली तर गुदपर पाहावा. रास्बोराचा आखूड असून त्यात फांदी फुटलेले ५ किरण असतात. डेव्हारियोचा लांब, १० हून अधिक किरणांचा. वेगवान धारेतला ओप्सेरियस बेन्डेलिसिस तर आडव्या पट्ट्याचा नसतोच. त्याच्या अंगावर उभे निळसर पट्टे आणि खवल्यांवर काळे ठिपके असतात.

‘मिशा आहेत, म्हणजे शिंगटीच’ हेही खरे नाही. शिंगटीच्या अंगावर खवले नसतात, हा तिचा पक्का निकष. खवल्यांच्या माशांतही मिशा असू शकतात, आणि त्या किती जोड्या आहेत हे ओळखीला उपयोगी पडते.

दगडाला चिकटणाऱ्या माशांत तीन वेगळे गट मिसळले जातात. मळ्या (गारा मुल्या) खालच्या ओठामागच्या मांसल चकतीने चिकटतो. खरबी पोटाखालचे दोन पर जुळून झालेल्या वाटीने चिकटते. मुरी चिकटत नाही, गोट्यांखाली दडते. तिच्या तोंडाशी मिशांच्या किमान तीन जोड्या असतात. मासा उलटा करून पोट पाहिले की वाद मिटतो. मळ्याचे शास्त्रीय नाव विल्यम साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या मासेमारांच्या बोलीतून घेतले. तशी नावे त्याने बऱ्याच माशांना दिली, पण गावचे एक नाव म्हणजे शास्त्रातली एक जात असे समजू नये. ‘मुरी’ किंवा ‘खवली’ या नावाखाली अनेक जाती येतात.

नाल्यात गावोगावी दिसणारा गप्पी मासा देशी नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला असून डासांच्या अळ्या खाण्यासाठी मुद्दाम सोडला गेला. त्याची शेपटी गोलसर असते, खवलीसारखी दुभंगलेली नाही. नराचा गुदपर काडीसारखा असतो आणि मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. गप्पीशी सर्वांत जास्त गल्लत होते ती देशी ॲप्लोचिलसची. त्याचेही तोंड वर वळलेले आणि शेपटी गोल, पण डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असतो. ॲप्लोचिलसही डासांच्या अळ्या खातो, तेव्हा तो असलेल्या डबक्यात गप्पी सोडणे अनाठायीच म्हणावे लागेल.

शेवटचा समज मोबाइलच्या एका फोटोचा. वरून काढलेल्या फोटोत पार्श्वरेषा, मिशा आणि पोटाखालचे पर काहीच दिसत नाही. मासा पाण्याने भरलेल्या अरुंद काचपात्रात ठेवून, पर पसरलेले असताना, कुशीकडून फोटो घ्यावा; तोंडाचा एक जवळून आणि पोटाकडचा एक वेगळा. सोबत ओढ्याचे आणि तो ज्या नदीला मिळतो तिचे नाव लिहावे. घाटमाथ्यावरून पूर्वेला कृष्णा-गोदावरीकडे आणि पश्चिमेला कोकणात उतरणाऱ्या पाण्यात जाती बदलतात. आंबोलीच्या हिरण्यकेशीत २०१४ मध्ये वर्णन झालेली पेथिया लाँगिकौडा कृष्णेच्या खोऱ्यातली आहे. तिथून थोड्याच अंतरावर कोकणाकडे उतरणाऱ्या ओढ्यातल्या खवलीला तेच नाव देण्याआधी तिचे खवले मोजावे लागतात.