नॅनोत पीएच.डी. करायचीय?

आधी एक गैरसमज दूर करू. पीएच.डी.साठी एम.एस्सी. ‘नॅनो’ विषयातच हवी असं नाही. भौतिकी, रसायन, मटेरियल्स, इलेक्ट्रॉनिक्सवालेही नॅनोच्या प्रयोगशाळांत असतात. प्रवेशाच्या रूढ वाटा म्हणजे नेट किंवा गेट, आणि मग मुलाखत.

जानेवारी २०२३ पासून केंद्राची ज्युनिअर फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, सीनिअर झाल्यावर ४२,००० (घरभाडं वेगळं). चैन नव्हे, पण भागतं.

खरी परीक्षा क्लीनरूममध्ये. डोक्यापासून पायापर्यंत सूट चढवायचा आणि पिवळ्या उजेडात काम करायचं, कारण निळा किंवा अतिनील प्रकाश पडला की वेफरवरचा फोटोरेझिस्ट वाया जातो. आपल्या विद्यापीठात ही सोय नसेल तर हात टेकू नयेत: आयआयटी मुंबईची नॅनोफॅब्रिकेशन सुविधा बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येते.

विद्यार्थ्यांचं काम किती दूर जातं? एकसारख्या आकाराचे क्वांटम डॉट बनवण्याची पद्धत एमआयटीत मौंगी बावेंडी यांनी १९९३ मध्ये मांडली, तेव्हा शोधनिबंधातले सहलेखक मरे आणि नॉरिस पीएच.डी.चे विद्यार्थी होते. बावेंडींना २०२३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

अर्ज करण्याआधी मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध वाचा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला.