प्लेटलेट्स फक्त रक्त थांबवत नाहीत

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्स हा शब्द घराघरात पोचतो. 'काउंट किती आला?' एवढंच आपण विचारतो. आज त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मामांच्या तळपायाची जखम तीन महिने झाले भरत नाहीये आणि त्यांना पीआरपी सुचवलंय. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पण घरातलं 'वाचून सांग रे' खातं माझ्याकडेच आहे.

तर १९७४ साली सिएटलमध्ये रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी एक तुलना केली. गोठलेल्या रक्तातून निघणारं सीरम घातलं की प्रयोगशाळेतल्या पेशी भराभर वाढायच्या. प्लेटलेट्स आधीच काढून टाकल्या, तर जवळपास ढिम्म. परत मिसळल्या की वाढ सुरू! म्हणजे वाढीचा निरोप प्लेटलेट्समधून येत होता. तो रेणू म्हणजे पीडीजीएफ.

प्लेटलेटला केंद्रक नसतं, आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवस. पण पोटात अल्फा ग्रॅन्यूल्स नावाच्या पुड्या तयार असतात. कातडी कापली, आतलं कोलॅजेन उघडं पडलं, की ती तिथे चिकटते आणि पुड्या फोडते. पीडीजीएफ दुरुस्तीच्या पेशींना बोलावतं, टीजीएफ-बीटा नवं कोलॅजेन बनवायला लावतं, व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या फुटवतं. हे रेणू फार टिकत नाहीत. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज पेशी जमतात आणि तेच निरोप स्वतः बनवू लागतात. इतका नीट हँडओव्हर मी ऑफिसात अजून पाहिलेला नाही.

मग मामांचं कुठे अडलं? डायबेटिसच्या जुनाट जखमेत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स माजतात आणि या रेणूंचाच फडशा पाडतात. त्यात पाय बधिर झाला की माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. दुखतच नाही ना! १९९७ मध्ये अमेरिकेत पीडीजीएफचं जेल, बेकाप्लरमिन, अशा जखमांसाठी मंजूर झालं. तेही रक्तपुरवठा पुरेसा असेल तरच, आणि जखमेच्या नेहमीच्या निगेच्या जोडीला.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त यंत्रात फिरवून प्लेटलेट्स दाट करणं. पण रक्तच नीट पोचत नसेल तर नुसते निरोप पाठवून काय उपयोग? म्हणून मामांना म्हटलं, पीआरपीला नाही म्हणू नका, पण आधी डॉक्टरांना विचारा: पायाचा डॉपलर करायचा का, इन्फेक्शन आहे का, आणि जखमेवरचा भार कसा काढायचा?

"म्हणजे चप्पल बदलायची?" मामा म्हणाले. बहुतेक हो. डॉपलर गुरुवारी आहे.