पुष्पशकटिका

वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची जी नामावळी दिलेली आहे, तीत निव्वळ फुलांच्या अशा कला एक-दोन नव्हेत, चांगल्या पाच आहेत. तांदूळ आणि फुले यांच्या रचना मांडणे, फुलांचे आस्तरण घालणे, नाना प्रकारांनी माळा गुंफणे आणि मस्तकावर शेखरक व आपीड बसविणे या चार कलांचा अर्थ आपल्या देवघरांकडे आणि लग्नमंडपांकडे पाहूनही सहज लागतो. परंतु पाचवीचे नाव आहे पुष्पशकटिका, म्हणजे फुलांची गाडी, आणि असली गाडी रचण्यात त्या काळच्या नागरकांना कोणता आनंद वाटत असावा, हे मला पुष्कळ वर्षे उमगले नव्हते. ते उमगले विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या पहाटेच्या लोकलमध्ये, मालडब्यात एका ओल्या टोपलीशेजारी उभा असताना.

वसईचा मुलूख फुलांचा आहे आणि फार दिवसांपासून बागायतीचा आहे. 1534 साली गुजरातच्या सुलतानाकडून तो पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, 1739 साली चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला, पुढे कंपनीचा अंमल आला; इतकी राज्ये बदलली, दप्तरांतली लिपी बदलली, वसुलाचे शिरस्ते बदलले, पण बावखलांच्या, म्हणजे वाड्यांतल्या तळ्यांच्या, पाण्यावर बागा शिंपण्याचा उद्योग चालूच राहिला. त्या वाड्यांतून मोगरा, सोनचाफा, जास्वंद आणि तगर फुलते. 1867 साली विरारपासून मुंबईच्या बॅकबेपर्यंत आगगाडी धावू लागली आणि ही नाशवंत संपत्ती महानगराच्या दाराशी पोहोचण्याची सोय झाली. वसई रोड ते दादर हे अंतर सुमारे 42 किलोमीटरांचे; ज्या फुलाचे आयुष्य एका दिवसाचे, त्याला ही आगगाडी किती मोलाची, हे निराळे सांगावयास नको.

मोगऱ्याची कळी अंधारात किंवा अगदी झुंजुमुंजू होताना खुडावी लागते, आणि तीही अशा बेताने की ती पुरती पांढरी झालेली असावी, परंतु उमललेली नसावी. सोनचाफ्याची तऱ्हा याहून नाजूक: पाकळीला बोट जोराने लागले की तेथे तपकिरी डाग उमटतो, म्हणून तो पानांत गुंडाळून, पाणी शिंपडून, एखादे तान्हे मूल न्यावे तसा न्यावा लागतो. माझ्या शेजारच्या टोपलीची मालकीण साठीच्या घरातली होती. कळ्या सगळ्या मिटलेल्याच का, असे मी विचारले, तेव्हा ओल्या फडक्याखाली हात घालून तिने मूठभर कळ्या मला दाखविल्या आणि म्हणाली, "संध्याकाळी केसांत उघडली पाहिजे, दादा. आत्ताच उघडली तर मग बाईच्या डोक्यात काय राहील?" मुंबईतली कोणी एक अपरिचित स्त्री सायंकाळी दिवेलागणीला गजरा माळील, त्या क्षणाचा हिशेब पहाटेच्या काळोखात वसईच्या वाडीत मांडला गेलेला होता. शृंगारकाव्यात याहून नेमकी कालगणना मी तरी वाचलेली नाही.

नायगाव मागे पडले की गाडी खाडीच्या पुलावर येते. दोन पुलांच्या मध्ये पाणजू बेट आहे. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे काळेभोर पाणी पसरलेले असते. पूर्वेला फिकट रेघ उमटलेली, एखाद्या होडीचा दिवा लुकलुकतो आहे, खारा वारा उघड्या दारातून आत शिरून मोगऱ्याच्या वासात मिसळतो आहे, आणि रुळांच्या तालावर तीन-चार बायका पायांची मांडी घालून गजरे गुंफीत आहेत. दोन कळ्या या बाजूला, दोन त्या बाजूला, दोऱ्याचा एक वेढा, एक फास. नजर हाताकडे नाहीच, ती समोरच्या सोबतिणीशी चाललेल्या बोलण्यात गुंतलेली. डबा हिसका देतो, वेढा चुकत नाही. माल्यग्रथन ही कला आहे असे शास्त्रकाराने का म्हटले, ते त्या बोटांकडे घटकाभर पाहिले म्हणजे पटते. भाईंदर येते, पुढे मिठागरांवर उजेड चढू लागतो, आणि तोवर मांडीवर हातभर शुभ्र सर तयार झालेला असतो.

अशा वेळी मला मेघदूताची आठवण होते, आणि ती केवळ अलंकारासाठी होत नाही. रामगिरीपासून, म्हणजे आपल्या नागपूरजवळच्या रामटेकपासून, असे महामहोपाध्याय मिराशींसारख्या पंडितांनी प्रतिपादिले आहे, निघालेला तो मेघ नगरांमागून नगरे पाहत जातो. हे काव्य जितके विरहाचे आहे तितकेच प्रवासाचे आहे. विदिशा मागे टाकून नीच नावाच्या टेकडीवर विसावा घेतल्यावर आणि उज्जयिनीची वाकडी वाट धरण्याच्या आधी यक्ष त्याला एक लहानसे काम सांगतो: नदीकाठच्या उपवनांतील जुईच्या कळ्यांवर नव्या पाण्याचे थेंब शिंपड, आणि फुले खुडणाऱ्या पुष्पलावींच्या चेहऱ्यांवर क्षणभर सावली धर, कारण गालांवरचा घाम पुन्हा पुन्हा पुसताना त्यांच्या कानांवरची कमळे कोमेजून गेली आहेत. पुढे प्रासादांच्या खिडक्या आहेत, केस धुपविणाऱ्या सुंदरी आहेत, महाकालाचे मंदिर आहे. परंतु या वैभवाकडे जाण्याआधी कवीला मजूर स्त्रीच्या गालावरचा घाम दिसला, आणि तो त्याने शृंगाराच्या काव्यात आणला. चिंतामणराव देशमुखांपासून कुसुमाग्रज, बोरकर आणि शांताबाई शेळके यांच्यापर्यंत एवढ्या थोर मराठी लेखकांना हे काव्य आपल्या भाषेत आणावेसे वाटले, त्याचे एक कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, ही माणसाळलेली दृष्टी आहे. फुलाची प्रतिमा खुडणाऱ्या हाताला विसरली की ती कागदी होते.

उत्तरमेघात अलका नगरीच्या स्त्रियांचे वर्णन येते. हाती कमळ, कुरळ्या बटांत कुंद, मुखावर लोध्राचा पराग, अंबाड्यात कुरबक, कानी शिरीष आणि भांगात कदंब: सहा ऋतूंची सहा फुले एकाच वेळी एकाच देहावर. यक्षांच्या नगरीला ऋतूंची वाट पाहावी लागत नाही. आपल्या नगरीला लागते, आणि मला ती वाट पाहणेच अधिक प्रिय आहे. दादर स्थानकाच्या पश्चिमेला सेनापती बापट मार्गावरच्या फूलबाजारात पहाटे पाऊल टाकले की पंचांग न पाहता महिना कळतो. चैत्र-वैशाखात मोगऱ्याचे ढीग, भाद्रपदात जास्वंदीच्या कळ्या आणि केवडा, आश्विनात जुन्नर-नाशिककडून आलेल्या झेंडूचा केशरी डोंगर, मार्गशीर्षात शेवंती. गुलछडीच्या जुड्या पाहाव्या तर एकेरी फुलाची हारासाठी आणि दुहेरी फुलाची फुलदाणीसाठी, अशी वाटणी व्यापाऱ्याने न बोलता केलेली असते. हरितगृहातले गुलाब बारमाही मिळतात खरे. त्यांना मात्र महिना सांगता येत नाही.

कोकणात आणि गोव्यात दोऱ्याऐवजी केळीच्या सोपटाचा धागा वापरतात, तो ओला राहून फुलाला गारवा देतो. अबोलीच्या फात्या आणि सुरंगीचे वळेसर त्यावर ओवलेले पाहिले म्हणजे पुष्परचनेसाठी दूरदेशी जावे लागते ही समजूत नाहीशी होते. जपानी इकेबानाविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. क्योटोच्या रोक्काकुदो मंदिरातील इकेनोबो पुजाऱ्यांनी पंधराव्या शतकात बुद्धापुढच्या पुष्पोपचारातून ती कला वाढविली, आणि हा उपचार बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडूनच पूर्वेला गेला. तेथे फूल वाहणाऱ्या हातांना आचार्यपद लाभले. आपल्याकडे त्याच परंपरेचे हात फुटपाथावर गोणपाट अंथरून बसतात आणि आपण त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दिवाळीत तोरणाची फुले घ्यावयास एकदा तरी उजाडण्यापूर्वी दादरला जा. शक्य असेल तर विरारकडून येणाऱ्या गाडीनेच जा. मोगरा गुंफणारी बाई दिसली तर तिचा भाव उतरवू नका, आणि मालडब्याच्या दाराशी तिची टोपली असेल तेथे, वारा कितीही गोड लागला तरी, वाट अडवून उभे राहू नका. तो वारा कळ्यांना हवा असतो.